शिकलेले कोठे जमा होते?

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यातील मोझरी गावापाशी, १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी जो आश्रम उभा केला आणि ज्याला गुरुकुंज हे नाव लाभले, त्याच्या शेजारी निवृत्तीनंतरची माझी वर्षे चालली आहेत. याच जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेसाठी माणसे आश्रमाकडे वळू लागतात, त्याच सुमारास अमरावतीच्या एस.टी.तून दप्तरांच्या ओझ्याने वाकलेली सोळासतरा वर्षांची मुलेमुली थांब्यावर उतरतात. पहाटेच्या गाडीने गेलेली ही मुले क्लासच्या दोन बॅचा आणि एक टेस्ट आटोपून आलेली असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण मी इतकी वर्षे पाहत आलो आहे की प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले तरी तो पुढे उभा राहतो.

एका जून महिन्यात, वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागून चारआठ दिवस झाले असतील, तेव्हा जवळच्या खेड्यातील माझ्या परिचयाचे एक कास्तकार आपल्या मुलीचा निकाल घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बुद्धिमान, दोन वर्षे अमरावतीत खोली करून राहिलेली, सण, लग्नकार्ये, आजोबांची तेरवीसुद्धा पुस्तकापुढे बसून काढलेली. तिला मिळालेले गुण असे होते की त्यांवर कोणत्याही शिक्षकाने समाधान मानावे, परंतु शासकीय महाविद्यालयाच्या यादीने तिच्यापर्यंत पोहोचावे इतके ते नव्हते. आणि खासगी महाविद्यालयाची फी त्या घराच्या आटोक्यातली नव्हती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पोरीनं दोन वर्सं रातंदिवस येक करून जे शिकलं, ते कोठी जमा हाये काय? का मंग सारंच गेलं?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा सारा जन्म नोंदींच्या आधाराने चाललेला आहे. सोसायटीत पीककर्जाचा हप्ता भरला की पावती मिळते, कर्ज फिटले की बेबाकीचा दाखला मिळतो, जिनात कापूस घातला की काट्याची चिठ्ठी हाती पडते. वावरातील एका विहिरीचीही नोंद सातबाऱ्यावर असते आणि ती नसेल तर तलाठ्याकडे खेटे घालून ती करून घेता येते. पाऊस न आल्याने पीक बुडाले तरी पेरा किती होता हे दप्तरात राहते. मग ज्या दोन वर्षांत मुलीने आपले तारुण्याचे पहिले दिवस ओतले, त्या वर्षांचा पेराच कोठे नोंदलेला नसावा, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्या दिवशी मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे, आणि मला असे वाटू लागले आहे की आपल्या उच्च माध्यमिक शिक्षणावरील सगळ्या समित्यांच्या अहवालांनी जे विचारले नाही ते त्या कास्तकाराने एका वाक्यात विचारले.

ती मुलगी काय शिकली होती हे प्रथम पाहिले पाहिजे, कारण निकालाच्या कागदावर ते दिसत नाही. तेथे फक्त गुण आणि क्रमांक असतो. ती शिकली होती ते असे: गतीच्या नियमांपासून परिवलनगतीपर्यंतची यामिकी, उष्मागतिकी, विद्युत् आणि चुंबकत्व, प्रकाशविज्ञान, अणूची रचना. सेंद्रिय रसायनातील अभिक्रिया त्यांच्या कारणमीमांसेसह. पेशीपासून आनुवंशिकीपर्यंतचे जीवशास्त्र. अभियांत्रिकीच्या वाटेने जाणारी मुले यांतील जीवशास्त्राच्या जागी अवकलन आणि समाकलन शिकतात. यातील पुष्कळसा भाग जगातील अनेक देशांत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शिकवला जातो. म्हणजे आमच्या खेड्यातील ही मुलगी नकळत महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडून आत जाऊन आली होती. तिला बाहेर काढल्यावर मात्र 'तू आत आलीच नव्हतीस' असे सांगण्यात आले.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहिला होता. शाळेच्या शेवटच्या वर्षांत तयारीची मुले जे शिकतात तेच महाविद्यालयात गेल्यावर त्यांना पुन्हा शिकवले जाते, आणि या पुनरुक्तीत त्यांची जिज्ञासा मंदावते, असे तेथील काही शिक्षकांच्या ध्यानी आले. अँडोव्हर, एक्सिटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे यांनी मिळून त्याचा विचार केला. केनियन महाविद्यालयाच्या पुढाकाराने दुसरी एक योजना आखली गेली. फोर्ड फाउंडेशनने द्रव्यसाहाय्य केले. आणि १९५५ मध्ये कॉलेज बोर्ड या संस्थेने हे काम आपल्याकडे घेतले. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या नावाने चालणाऱ्या या परीक्षा दर वर्षी मे महिन्यात होतात. विद्यार्थी शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचा एखादा विषय शिकतो, परीक्षेत एक ते पाच यांपैकी गुणांक मिळवतो, आणि तो गुणांक पुरेसा असला तर पुष्कळ विद्यापीठे त्या विषयाचे श्रेयांक त्याच्या खाती जमा करून त्याला पुढच्या पायरीवर बसण्याची मुभा देतात. या परीक्षांत लॅटिन आहे, जपानी आहे, चिनी आहे. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुले तेथे गणित आणि विज्ञान घेऊन बसतात, मात्र आपल्या आजीच्या भाषेत बसण्याची सोय त्यांना नाही. ही खंत निराळी. येथे तिचा उल्लेख पुरे.

'श्रेयांक' हा शब्द आपल्या विद्यापीठांच्या परिपत्रकांतून अलीकडे रूढ झाला आहे, आणि तो घडवणाऱ्याने नकळत फार मोठ्या विचाराला हात घातला आहे असे मला वाटते. कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की श्रेय आणि प्रेय या दोन भिन्न गोष्टी माणसापुढे येतात आणि शहाणा मनुष्य त्यांतील श्रेयाची निवड करतो. ज्ञान स्वतः संपादन केल्याने जे कल्याण होते ते श्रेय. त्या ज्ञानाच्या बळावर जी जागा, जो मान, जी प्राप्ती हाती येते ते प्रेय. प्रेय त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण ज्याच्या घरावर कर्ज आहे त्याला प्रेयाचा तिरस्कार परवडत नाही आणि तो त्याने करावा असे सांगण्याचा अधिकार भरल्यापोटी माणसाला नाही. परंतु ज्या व्यवस्थेत प्रेय न मिळाले तर श्रेयही मिळाले नाही असे मानण्यास मुलाला भाग पाडले जाते, ती व्यवस्था ज्ञानाच्या मुळावर घाव घालते. जागा मिळाली नाही हे खरे. पण परिवलनगती समजली हेही खरेच आहे, आणि पहिल्या सत्याने दुसरे पुसले जाता कामा नये.

आपल्याकडे या गोष्टीची जाणीव कधी नव्हतीच असे नाही. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात दहा, दोन आणि तीन अशा वर्षांचा जो आराखडा मांडला, त्याला अनुसरून महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यापूर्वी मुले अकरावीची परीक्षा देऊन महाविद्यालयाच्या पूर्व-पदवी वर्गात जात, आणि त्या वर्गाचे अध्यापन, त्याच्या प्रयोगशाळा, त्याचे ग्रंथालय हे सारे विद्यापीठाच्या छायेखाली असे. नव्या रचनेत हा तुकडा विद्यापीठापासून सुटला. पण त्याला जे नाव दिले गेले ते महत्त्वाचे आहे. राज्यकर्त्यांनी त्याला 'वरिष्ठ शाळा' म्हटले नाही, 'कनिष्ठ महाविद्यालय' म्हटले. ज्यांनी हे नाव निवडले त्यांच्या मनात, सोळा वर्षांच्या मुलाला महाविद्यालयाच्या दर्जाचे शिक्षण पेलते आणि ते त्याला मिळावे, हा भाव निश्चित असला पाहिजे. नावात वचन होते. पन्नास वर्षांच्या आत त्या वचनाचे काय झाले हे मी आतून पाहिले आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा बारावीच्या वर्गात ऐंशी मुले बसत आणि सगळी बसत. निवृत्त झालो त्या वर्षी हजेरीपत्रकावर नावे तितकीच होती, पण अनेक दिवशी माझ्यासमोर सातआठ मुले असत; बाकीची अमरावतीत वा अकोल्यात क्लासला असत, आणि त्यांची हजेरी कशी लागते याची चौकशी करू नये असे मला एकदा वरून समजावण्यात आले होते. 'इंटिग्रेटेड' आणि 'डमी ॲडमिशन' हे शब्द आमच्या खेड्यांतील निरक्षर आजीलाही ठाऊक झाले आहेत. अकोला हे शहर एकेकाळी कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाई. आता वऱ्हाडातील पालक ते नाव काढतात ते क्लासेस, वसतिगृहे आणि मेस यांच्या संदर्भात. २०१८ मध्ये राज्य शासनाने काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालील मुलांना क्लासने प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक सूचना काढली. हे हुकूम काढणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ज्या मुलाला ठाऊक आहे की कनिष्ठ महाविद्यालयातील शिकण्याची रुजवात पुढे कोठेच घेतली जाणार नाही, आणि आयुष्याचा निर्णय एका दुपारच्या तीन तासांत होणार आहे, तो अंगठा उमटवून वर्गात बसेलही, पण त्याचे मन तेथे नसेल.

माझ्या प्रयोगशाळेविषयी लिहिताना मला क्लेश होतात. दोलक, व्हर्नियर, मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर, प्रिझम आणि वर्णपटमापी ही सारी साधने मी उमेदीच्या काळात हट्टाने मिळवली होती. शेवटच्या दहा वर्षांत त्यांवरील फडके परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातच निघे. मुले जर्नल पूर्ण करीत, म्हणजे मागील वर्षीच्या जर्नलावरून आकडे उतरवून घेत. मीटर ब्रिजवरील गणित ती माझ्यापेक्षा जलद सोडवीत, पण तारेवर जॉकी सरकवताना गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येऊन थबकतो त्या क्षणी अंगावर जो काटा येतो, तो त्यांतील बहुतेकांनी कधी अनुभवला नाही. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेला त्या थबकण्याचे काही मोल नाही. जे परीक्षेत मोजले जात नाही ते शिकवले जात नाही, आणि जे शिकवले जात नाही ते पुढच्या पिढीच्या शिक्षकालाच येत नाही, या उतरंडीचा मी साक्षीदार आहे.

परीक्षा दोन प्रकारच्या असतात, आणि हा भेद आपल्या सार्वजनिक चर्चेत फार क्वचित स्पष्ट केला जातो. एक परीक्षा पाहते की तुला हे येते की नाही. दुसरी पाहते की तू किती जणांच्या पुढे आहेस. पहिलीत सीमारेषा असते, दुसरीत रांग असते. पहिलीत सगळा वर्ग उत्तीर्ण झाला तर शिक्षकाचा गौरव होतो. दुसरीत सगळा वर्ग उत्तम तयार झाला तर कट-ऑफ वाढतो आणि नाकारल्या जाणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहते. नीट परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी तिला बसले, आणि देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. त्या वर्षी पहिल्या निकालात सदुसष्ट मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी झाल्या, वाढीव गुण मागे घेतले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या गोंधळाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु परीक्षा निष्कलंक झाली असती तरी वीस लाखांहून अधिक मुलांच्या दोन वर्षांच्या विद्येचे काय, हा प्रश्न तसाच उरला असता, आणि मला तो अधिक मोठा वाटतो. जागा मोजक्या असतील तर रांग लावावी लागते, हे मी जाणतो. डॉक्टर होण्यासाठी निवड असलीच पाहिजे. माझी तक्रार रांग असण्याविषयी नाही. रांगेखेरीज दुसरे काही नाही, ही माझी तक्रार आहे.

सीमारेषेच्या परीक्षेत केवढे सामर्थ्य असते याचे एक उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफिल्ड हायस्कूल ही श्रमिकांच्या, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या मुलांची शाळा. तेथे मूळचे बोलिव्हियाचे हायमे एस्कलांते नावाचे शिक्षक गणित शिकवत. १९८२ मध्ये त्यांच्या अठरा विद्यार्थ्यांनी ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटची कलनशास्त्राची परीक्षा दिली आणि अठराही उत्तीर्ण झाले. अशा वस्तीतील मुलांना हे कसे साधले, असा संशय घेतला गेला. उत्तरांतील काही साम्यावरून चौदा जणांच्या निकालावर आक्षेप आला. त्यांपैकी बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली, आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. या कथेतील अन्याय तर मनाला लागतोच. पण मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट अशी की त्या वर्गातील एकाच्याही यशाने दुसऱ्याची जागा गेली नाही. त्यामुळे तो वर्ग एकत्र अभ्यास करू शकला. आमच्याकडे एका खोलीत राहणाऱ्या दोन मैत्रिणी एकमेकींपासून टेस्टचे गुण लपवतात, हे मला त्यांच्या आयांनी सांगितले आहे.

रांगेच्या परीक्षेने केलेली ही उलथापालथ गुरुकुंजापासून दूर शहरात चालली आहे असे नाही. आश्रमाच्या परिसरात श्री गुरुदेव आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि आज आयुर्वेदाच्या पदवीलाही नीटच्या क्रमांकावरूनच प्रवेश मिळतो. तुकडोजी महाराजांचे स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम चार इयत्तांच्या आसपासचे. यावलीत १९०९ मध्ये जन्मलेला आणि रानावनांत, भजनांत वाढलेला हा पुरुष कोणत्याही प्रवेशपरीक्षेच्या रांगेत उभा राहिला नव्हता. १९५५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्यांच्या ग्रामगीतेच्या एकेचाळीस अध्यायांत जीवनशिक्षणावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि हाताला काम व बुद्धीला उजेड एकाच शिक्षणातून मिळावा हा त्यांचा आग्रह त्यांच्या कीर्तनांतून या मुलखाने वर्षानुवर्षे ऐकला. आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. ग्रामगीतेवर परीक्षा घेतल्या जातात. त्यांत शाळकरी मुले बसतात, शेतमजूर बसतात, सत्तरीच्या बायका बसतात, आणि त्यांतील वरच्या टप्प्यापर्यंत गेलेल्यास ग्रामगीताचार्य म्हणून ओळखतात. तेथे जागा नाहीत, रांग नाही, नाकारलेला कोणी नाही. ज्याला आले त्याला आल्याची सनद मिळते. या परीक्षेची विज्ञानाच्या परीक्षेशी बरोबरी करावी असे मला सुचवायचे नाही. परंतु 'तुला आले' एवढेच सांगणारी परीक्षा या मातीला परकी नाही, एवढे मात्र मला त्यावरून म्हणता येते.

आता आक्षेपाकडे वळले पाहिजे, आणि तो हलका नाही. अमेरिकेतील ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटची योजना पाहता पाहता प्रवेशाचा अलंकार होऊन बसली. ज्या शाळा सधन आहेत तेथे डझनावारी विषय शिकवले जातात, गरीब वस्तीत दोनतीन; प्रत्येक परीक्षेची फी शंभर डॉलरच्या घरात; आणि मुले जिज्ञासेपोटी नव्हे, तर अर्जावर संख्या वाढावी म्हणून विषय घेतात. डार्टमथ महाविद्यालयाने तर या परीक्षांबद्दल श्रेयांक देणे बंद केले. तेथील मानसशास्त्र विभागाने पूर्ण पाच गुणांक मिळवून आलेल्या विद्यार्थ्यांची आपल्या पद्धतीने चाचणी घेतली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य अनुत्तीर्ण झाले होते. मग आपल्याकडे असे काही आणले तर क्लासेसना आणखी एक दुकान मिळेल, आणि मुलांच्या पाठीवर आणखी एक ओझे येईल, असे कोणी म्हटले तर मी त्याला खोडून काढू शकत नाही. मलाही ती भीती वाटते.

तरीही माझे मत असे बनले आहे की नवे ओझे न घालता, जे ओझे मुले वाहतातच त्याची नोंद घेणे शक्य आहे. कागदावर त्याची बरीचशी तजवीज झालेलीही आहे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक स्थापण्याचे नियम केले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शाळेपासून संशोधनापर्यंतच्या सर्व शिक्षणाला एकाच मापाने मोजले आहे, आणि वर्षाचे बाराशे तास म्हणजे चाळीस श्रेयांक असा हिशेब मांडला आहे. खाते उघडलेले आहे. परंतु बारावीत महाविद्यालयीन दर्जाची यामिकी खरोखर आत्मसात केलेल्या मुलीला पदवीच्या पहिल्या वर्षी त्या विषयातून सोडवून पुढचे शिकू देणारी, सर्वांना खुली अशी परीक्षा आपल्याकडे नाही. त्यामुळे खाते उघडे आहे आणि त्यात भरणा करण्याची खिडकी बंद आहे.

ही खिडकी उघडण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. आपल्याच जुन्या परीक्षांत 'सूट' नावाची एक समंजस प्रथा होती: एकूण परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याने ज्या विषयात विहित गुण मिळवले असतील त्या विषयातून पुढील खेपेस त्याला सूट घेता येई. अपयशाच्या आतही जे यश असते ते वाया जाऊ द्यायचे नाही, हे तत्त्व त्या कारकुनी शब्दाच्या पोटात होते. तेच तत्त्व एक पायरी वर नेता येईल. आमचे अमरावतीचे विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते त्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन लोकांना मुले शाळेत घालण्यास सांगितले. त्या विद्यापीठाने, अन्य कोणाची वाट न पाहता, पाचसात विषयांची अशी परीक्षा आपल्या प्रवेशापूर्वी घ्यावी. ती विषयवार असावी, म्हणजे एकच विषय चांगला येणाऱ्यालाही तिला बसता यावे. तिची फी नाममात्र असावी. आणि तीत अर्धा भाग लेखी आणि अर्धा हाताने करावयाचा असावा. कारण जे यंत्रासमोर उभे राहून, तारा जोडून, चुकून आणि पुन्हा जोडून दाखवावे लागते, त्याची पाठांतराने तयारी होत नाही आणि क्लासच्या शंभर बाकांच्या सभागृहात ते शिकवता येत नाही. त्यासाठी मुलाला पुन्हा कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच यावे लागेल. बायोमेट्रिक यंत्राने जे साधले नाही ते कदाचित मीटर ब्रिजने साधेल.

वेळ वाचतो म्हणून मी हे सुचवीत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. चार वर्षांची पदवी साडेतीन वर्षांत आटोपावी, ही घाई मला शिक्षणाची शत्रू वाटते. मुलीला यामिकीतून सूट मिळाली तर त्या तासांत तिने खगोलशास्त्र शिकावे, संस्कृत शिकावे, मृदेचे पृथक्करण करून आपल्या बापाच्या वावरातील मातीत काय कमी आहे ते शोधावे. पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातील शेतकऱ्याच्या घरातून निघून एडिंबरो आणि ऑक्सफर्डला गेले, वेदवाङ्मयातील धर्माच्या विकासावर प्रबंध लिहून परतले आणि मग शेतीसाठी व शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळांसाठी झटले. विद्येचा असा आडवा विस्तार ज्याला साधता येतो त्याचा एकही तास फुकट गेला असे म्हणता येत नाही. आज आमच्या मुलांना उभी शिडी एकच दिसते. तीवरून पाय घसरला की ज्या अंगणात ती उभी होती ते अंगणच नव्हते असे त्यांना वाटू लागते.

त्या कास्तकारांच्या मुलीने पुढे अमरावतीत बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात तिला गतीचे नियम पुन्हा शिकवण्यात आले. ती सुटीच्या दिवशी माझ्याकडे येऊ लागली, आणि मी आठ रविवार तिची तोंडी आणि लेखी परीक्षा घेतली, कोणतेही पुस्तक न उघडता, प्रत्येक पायरीला 'असे का' हे विचारीत. तिला जे येत होते ते मी एका कोऱ्या कागदावर प्रकरणवार लिहून काढले, खाली दिनांक घातला आणि सही केली. कोणत्याही कचेरीत त्या कागदाला किंमत नाही, हे मी तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितले. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, घडी केली आणि सातबारा, बँकेचे पासबुक व सोसायटीचा बेबाकीचा दाखला ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात तीत ठेवला.

कागदावर 'प्रात्यक्षिक' ही ओळ मी लिहिली आणि तिच्यापुढची जागा कोरी सोडली, कारण मीटर ब्रिज तिने जर्नलात काढला होता, हाताळला नव्हता. निर्लेखित साहित्याच्या लिलावात मी विकत घेतलेला एक जुना ब्रिज माझ्या ओसरीवर पडून आहे. दिवाळीच्या सुटीत ती येणार आहे. त्याची तार गंजली होती, म्हणून परवा अमरावतीहून मी नवी आणून ताणून ठेवली आहे.